पिल्लू रात्री का रडतं?

मागच्या भागात म्हटलं होतं ना, घरी पिल्लू येतंय? आलं. आणि पहिल्याच रात्री मी माती खाल्ली. "रडून रडून झोपेल आपोआप," असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याला हॉलमध्ये ठेवून बेडरूमचं दार लावून घेतलं. रात्री २ वाजता खालचे काका दारात! घरमालकाला फोन करतो म्हणाले.

आता बघा, ८ आठवड्यांचं पिल्लू तोवर आई आणि भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपलेलं असतं. एकटं पडलं की ते हाका मारतं. हट्ट नाही, भीती असते ती. दुसऱ्या रात्री त्याचा खोका माझ्या गादीला लावूनच ठेवला, आत त्याच्या आईच्या अंगाखालचं फडकं. कुरकुरलं की हात खाली सोडायचा, बास.

एवढ्याशा पिल्लाला शू २-३ तासांच्या वर धरवत नाही. म्हणून अलार्म. लसी पूर्ण झालेल्या नाहीत, त्यामुळे खाली नेत नाही. बाथरूममध्ये पेपरवर, आणि परत खोक्यात. मोठा लाइट नाही, लाड नाहीत, खेळ तर अजिबात नाही. नाहीतर रात्री ३ ही त्याची खेळायची वेळ ठरते!

काल काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "काय रे, देऊन टाकलंस का पिल्लू?"