कडक हवी, कडू नको : घरच्या कॉफीचं डीबगिंग

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐकत असाल तर सुरुवातीला आलेला टप... टप... आवाज नळाचा नाही. तो आमच्या घरातल्या स्टीलच्या फिल्टरचा आहे. वाचणाऱ्यांनी तो मनात ऐकावा.

विषय आहे कॉफी. पण कॅफेत बसून फोटो काढायची कॉफी नाही. माझ्या बाबांची कॉफी.

आमच्या सांगलीच्या घरात आई चहावाली आणि बाबा कॉफीवाले. दिवसाला तीन कप, प्रत्येक कपात तीन चमचे साखर. गेल्या दिवाळीनंतर बाबांची तीन महिन्यांची शुगर तपासली आणि डॉक्टरांनी पहिलं वाक्य हेच टाकलं, ‘चहा-कॉफीतली साखर आजपासून बंद.’ मी हिशेब केला. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर, म्हणजे नुसत्या कॉफीतून रोज ४५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ च्या आत ठेवायला सांगते. बाबांचा कोटा तर कॉफीतच संपत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बिनसाखरेची कॉफी घेतली. एक घोट. कप खाली ठेवला. म्हणाले, ‘हे औषध आहे, कॉफी नाही.’ आणि कॉफीच सोडली.

तुम्ही म्हणाल, सोडली तर सोडली, बरंच झालं की. पण संध्याकाळी साडेचारला कप घेऊन ओट्यावर बसणं हा आमच्या घरातला एकमेव वेळ, जेव्हा बाबा बोलतात. कॉफी गेली तसं ते बसणंही गेलं. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. म्हटलं, आपण दिवसभर दुसऱ्यांचे बग सोडवतो, हा एक घरचा सोडवून बघू.

आधी बग नीट समजून घेऊ

बाबा कॉफी कशी करायचे? चहासारखी. पातेल्यात पाणी, दूध, दोन चमचे फिल्टर कॉफीची पावडर, आणि मग पाच-सात मिनिटं खळखळून उकळायचं. गाळायचं, साखर घालायची, झालं. पावडर किलोच्या हिशेबात आणलेली, कारण स्वस्त पडते. डबा गॅसच्या शेजारच्या फळीवर. सहा महिने तोच डबा.

आता कॉफीत काय घडतं ते बघा. भाजलेल्या कॉफीचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा चोथा. पण हे ३० टक्के सगळे काढायचे नसतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं, आणि तेव्हापासून १८ ते २२ टक्के हा पट्टा चांगला मानला जातो. कारण सगळे पदार्थ एकाच वेगाने विरघळत नाहीत. आधी आंबट चवी येतात, मग गोडसर, आणि सगळ्यात शेवटी कडवट, तुरट चवी. कमी काढलीत तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. जास्त काढलीत तर कडू, जीभ कोरडी करणारी.

बाबांची कॉफी सात मिनिटं उकळत होती. म्हणजे पावडरीत जे जे कडू होतं ते सगळं कपात येत होतं, आणि साखर ते झाकत होती. साखर काढल्यावर बग दिसला, इतकंच. तो आधीपासून तिथेच होता.

इथे एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्याकडे कडक आणि कडू हे एकच समजतात. ते वेगळे आहेत. कडक म्हणजे कपात कॉफी किती आणि पाणी किती. कडू म्हणजे त्या पावडरीतून किती ओरबाडून काढलंत. पावडर कमी घालून जास्त उकळली तर कॉफी एकाच वेळी पातळ आणि कडू होते. लग्नाच्या हॉलमधली कॉफी आठवा. कडक हवी असेल तर पावडर वाढवा, उकळणं नाही.

माझा पहिला पराक्रम

मी काय केलं? जे ज्युनियर असताना करायचो तेच. सगळं एकदम बदललं. महागाची, हलकी भाजलेली अरेबिका मागवली, फ्रेंच प्रेस आणला, बीन्स मिक्सरमध्ये फिरवल्या, आणि कुठेतरी ऐकलं होतं म्हणून पाणी चांगलं कोमट होऊ दिलं. बाबांना कप दिला.

बाबा म्हणाले, ‘यात लिंबू पिळलंयस का रे?’

हलकी भाजलेली कॉफी मुळातच जास्त आंबट असते. त्यात पाणी थंड, आणि मिक्सरने अर्धी पावडर भरड, अर्धी पिठासारखी केलेली. भरड कणांतून काहीच निघालं नाही, पिठातून नको ते सगळं निघालं. एका कपात दोन्ही चुका.

मग वही काढली. नियम एक : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाबांना रोज अर्धा कप, आणि दोनच प्रश्न. आंबट की कडू? पातळ की घट्ट?

पावडर : पाकिटाची मागची बाजू वाचा

आपल्याकडच्या बऱ्याच फिल्टर कॉफी पावडरींत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, ती कॉफीपेक्षा स्वस्त असते, आणि डिकॉक्शनला दाटपणा आणि काळा रंग देते. भारतातल्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. आमच्या डब्याच्या जुन्या पाकिटावर होतं, कॉफी ५३, चिकोरी ४७. बाबा इतकी वर्षं जवळजवळ निम्मी कॉफी पीत होते!

चिकोरी वाईट नाही. अनेकांना ती चव हवीच असते. पण तिची स्वतःची एक कडवट, जळकी चव असते, आणि साखर नसताना ती उघडी पडते. आम्ही ८५-१५ वर आलो. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, कडूपणा कमी झाला पण पाणचट लागते. बरोबर, कारण दाटपणा चिकोरीचा होता. तो पावडर वाढवून भरून काढला.

दुसरी गोष्ट, अरेबिका की रोबस्टा. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा साधारण ७० टक्के आहे. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि चव जास्त कडवट. बिनसाखरेची प्यायची असेल तर अरेबिका जास्त असलेली, मध्यम भाजलेली पावडर घ्या. एकदम काळी नको, एकदम हलकीही नको.

तिसरी, ताजेपणा. दळल्यावर कॉफीला हवा लागायला खूप जास्त जागा मिळते, त्यामुळे वास भराभर उडतो. किलोभर आणू नका. १००-२०० ग्रॅम आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्येही नको, बाहेर काढला की आत दमटपणा धरतो.

पाणी

पुणे, सांगली हे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कॉफीला ९० ते ९६ अंश पुरतात. म्हणजे थर्मामीटर नको. पाणी उकळलं, गॅस बंद केला, अर्धा मिनिट थांबलात, काम झालं. माझ्यासारखं कोमट होऊ देऊ नका.

आणि पाणी कुठलं? बोअरच्या जड पाण्यात कॉफीची चव दबते, आंबट-गोड बारकावे जातात. उलट आरओने सगळे क्षार काढून टाकले तरी कॉफी सपाट लागते. नळाचं गोडं, गाळलेलं पाणी मिळत असेल तर तेच वापरा. आमच्या घरी आरओ आणि नळाचं निम्मं-निम्मं चांगलं जमलं.

आता फिल्टरची रेसिपी, दोन कपांची

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असेल तर काढा. चमच्याने मोजू नका. एकच चमचा सपाट भरला की वेगळा आणि शीग लावून भरला की वेगळा.

१. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला, फिल्टरसाठीची बारीक दळलेली. हलवून सपाट करा. चकती ठेवून अलगद टेकवा. दाबून बसवू नका.

२. आधी ४० मिली गरम पाणी गोल फिरवत घाला, अर्धा मिनिट थांबा. पावडर ताजी असेल तर थोडी फुगेल, बुडबुडे येतील. भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे. तो गेला की पाणी सगळीकडे सारखं मुरतं.

३. मग उरलेलं ८० मिली पाणी घाला, झाकण लावा, आणि निघून जा. १५-२० मिनिटं हात लावायचा नाही.

४. खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन मिळेल. १२० घातलं तर ८० का? कारण पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. २० ग्रॅम पावडरीने ४० मिली खाल्लं.

५. दूध वेगळं गरम करा. एक उकळी आली की बंद. प्रत्येक कपात ४० मिली डिकॉक्शन, त्यावर १०० मिली दूध. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, नाहीतर केलेली मेहनत पाण्यात.

आता डीबगिंग. चार-पाच मिनिटांत सगळं खाली आलं? पावडर भरड आहे, कॉफी पातळ आणि आंबट लागेल. अर्धा तास झाला तरी थेंब थेंब? फार बारीक आहे किंवा चकती दाबली गेली. आणि त्याच पावडरीवर परत पाणी घालून काढलेलं दुसरं डिकॉक्शन बिनसाखरेच्या कपात वापरू नका. चांगलं ते पहिल्यात आलेलं असतं, मागे कडूच उरतं.

फिल्टर नसेल तर

हॉस्टेलवाल्यांसाठी फ्रेंच प्रेस सोपा. ३० ग्रॅम भरड पावडर, ५०० मिली पाणी, चार मिनिटं थांबा, वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका. मग आणखी पाच मिनिटं गाळ खाली बसू द्या आणि जाळी फक्त वरच टेकवून ओता. ही पद्धत २००७ चा जागतिक बरिस्ता विजेता जेम्स हॉफमन याने लोकप्रिय केली. नऊ मिनिटं भिजूनही कडू होत नाही, कारण पावडर भरड आहे आणि पाणी उकळत नाहीये.

एक महत्त्वाचं. फ्रेंच प्रेस किंवा उकळलेल्या कॉफीत कॉफीचं तेल तसंच राहतं, आणि त्यातला कॅफेस्टॉल नावाचा घटक वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो बराचसा अडवतो. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल तर कागदातून गाळलेली कॉफी बरी. आणि बिनसाखरेची म्हणजे शून्य साखर असंही नाही, १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम दुधाची साखर असतेच. किती कप, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी कोडवाला आहे.

मग बाबांचं काय झालं?

वहीत सतरा नोंदी झाल्या. पहिल्या सहा ‘आंबट’ किंवा ‘कडू’. सातव्या दिवशी ‘बरी’. मग आईने हस्तक्षेप केला. म्हणाली, ‘अरे, एवढं विज्ञान करतोयस, जायफळ कुठंय?’ आणि दुधात दोनदा किसणी फिरवून जायफळ घातलं. जायफळात साखर नाही, पण त्या वासाने जिभेला गोड काहीतरी येतंय असं वाटतं. माझ्या दोन आठवड्यांच्या प्रयोगांपेक्षा ते दहा सेकंदांचं काम भारी पडलं, हे मला मान्य करावं लागेल.

सतराव्या नोंदीत बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘चालेल.’ आमच्या बाबांकडून हे म्हणजे फाइव्ह स्टार.

आता ते दिवसाला दोन कप घेतात, बिनसाखरेचे. फिल्टर तेच लावतात, वजनकाट्यावर, आणि पावडर २१ ग्रॅम झाली तर एक ग्रॅम काढून परत डब्यात टाकतात. मी परत हिंजवडीला आलोय. साडेचारला फोन येतो. ‘पाणी घातलंय, वीस मिनिटं आहेत, बोल.’

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. पावडर तीच, भांडं तेच, फक्त उकळणं बंद करा. उकळलेलं पाणी पावडरीवर ओता, चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा. एक घोट साखर न घालता घ्या. आंबट की कडू, तेवढं व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.