आवरलंत की दाबलंत?

'काही नाही रे, ठीक आहे!' हे वाक्य आज तुम्ही किती वेळा टाइप केलंत? घरी वाजलंय, निकाल मनासारखा लागलेला नाही, डोकं भणभणतंय, तरी उत्तर ठरलेलं. वर आपणच म्हणतो, 'आपला कंट्रोल भारी आहे!' पण हा कंट्रोल नेमका कुठला? आवरण्याचा की दाबण्याचा? रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत दोन्हींसाठी वेगळे शब्द होते. गंमत म्हणजे ते आजही आपल्या तोंडात आहेत.

लॅटिनमध्ये 'प्रेमेरे' म्हणजे दाबणं. (आपल्या प्रेमाशी त्याचा काही संबंध नाही हं!) खाली दाबलं की डिप्रेशन, मागे रेटलं की रिप्रेशन, दुसऱ्याला चिरडलं की ऑप्रेशन. आणि आतलं दाबून बाहेर काढलं की? एक्स्प्रेशन! तुमच्या हातातला पेपर ज्या 'प्रेस'मधून येतो, तीही याच खानदानातली.

आवरण्याचे शब्द मात्र वेगळ्या घरचे. 'फ्रेनुम' म्हणजे लगाम, त्यावरून 'रेफ्रेनारे', म्हणजे लगाम खेचणं. इथे घोडा जिवंत असतो, कधी धावायचं ते फक्त स्वार ठरवतो. 'टेम्पेरारे' म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. रोमन लोक वाइनमध्ये पाणी घालून प्यायचे, त्यासाठीही हाच शब्द. वाइन फेकायची नाही, बेताची करायची.

लगाम दुसऱ्याच्या हातात गेला तर काय होतं, तेही रोममध्येच दिसतं. तिथे 'सेन्सॉर' नावाचे अधिकारी जनगणना करायचे आणि लोकांच्या वागणुकीवरही नजर ठेवायचे. इसवी सनपूर्व 184 मध्ये केटो हा सेन्सॉर झाला. प्लुटार्क सांगतो, की एका सिनेटरने दिवसाढवळ्या, मुलीसमोर स्वतःच्या बायकोचं चुंबन घेतलं, म्हणून केटोने त्याला थेट सिनेटमधून काढलं! आजचा 'सेन्सॉर' शब्द तिथूनच आला.

आता स्वतःकडे वळू. मानसशास्त्रात सप्रेशन म्हणजे कळून-सवरून बाजूला ठेवलेला विचार. 'उद्या पेपर आहे, भांडणाचं परवा बघू', हे ते. रिप्रेशन म्हणजे आपल्याही नकळत आत ढकललं गेलेलं. पहिल्यात 'परवा' असतो. दुसऱ्यात आपण काही ढकललंय हेच आपल्याला माहीत नसतं.

मराठीतही हा फरक आहेच की! संयम वेगळा, दडपण वेगळं. संयम आपण पाळतो, दडपण आपल्यावर येतं.

त्यामुळे पुढच्या वेळी 'ठीक आहे' टाइप करताना क्षणभर थांबा. लगाम तुमच्याच हातात असेल तर बिनधास्त पाठवा. नसेल, तर ते पुसा आणि जवळच्या कुणाला तरी सरळ विचारा, 'पाच मिनिटं बोलू का?' रोमन भाषेत सांगायचं तर, थोडं एक्स्प्रेशन होऊ द्या!