ग्रंथ छापतानाही तराजू हाती असावा

ग्रंथ छापण्यासाठी द्रव्य वेचणे ही आपल्या समाजात नवी गोष्ट नव्हे. आई-वडिलांच्या स्मृत्यर्थ किंवा एखाद्या व्रताच्या उद्यापनानिमित्त स्तोत्रसंग्रह छापून तो मंदिरात विनामूल्य वाटण्यास आपण शास्त्रदान म्हणतो. तेथे दाता हा दाता म्हणूनच ओळखला जातो.

आता घरोघरी वडीलधारी मंडळी आपल्या आठवणी लिहू लागली आहेत, सुना-मुली कविता करीत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु त्यांना कधी कधी निराळाच प्रकाशक भेटतो. हस्तलिखित पाठविताच 'निवड समितीने आपली कृती गौरविली आहे' असे पत्र येते आणि पाठोपाठ 'सहभाग शुल्का'ची मागणी. मग मुखपृष्ठ, जाहिरात, पुरस्कार यांचे वेगवेगळे आकार सुरू होतात. अखेरीस काही प्रती घरी येऊन पडतात. पुस्तकाच्या दुकानात एकही दिसत नाही. अशा व्यवसायाचा खरा ग्राहक लेखकच असतो. नफा आधीच पदरात पडल्यावर पुस्तक विकण्याची तसदी तो प्रकाशक कशासाठी घेईल?

तेव्हा पहिली कसोटी हीच, की पैसा कोणाकडून कोणाकडे जातो. निवड करून पुस्तक काढणारा प्रकाशक खर्च स्वतः सोसतो आणि विक्रीवर लेखकास मानधन देतो. स्वखर्चानेच छापावयाचे असल्यास खुशाल छापावे. मात्र कागद, पृष्ठे, प्रती आणि बांधणी यांचे लेखी दरपत्रक दोन-तीन मुद्रकांकडून घ्यावे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो; लेखकास स्वतःही अर्ज करता येतो. त्या क्रमांकाची किंमत कोणी लावल्यास तेथेच सावध व्हावे.

दुसरी कसोटी करारपत्राची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क मुळात लेखकाचाच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्यास देणे लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे कायदा मानतो. परंतु 'कायमस्वरूपी, सर्व भाषांतील, सर्व देशांसाठी' हे शब्द मान्य करून सही केली, की हे संरक्षण उरत नाही.

पेढीवर अनोळखी माल आपण पारखल्यावाचून घेत नाही. मग येथेच चूक का होते? चार कषायांपैकी मान येथे जागा होतो आणि आपल्यातील व्यापारी झोपी जातो. फसल्यावर तोच मान तोंडही उघडू देत नाही, म्हणून पुढचाही फसतो.

घरातील लेखकाच्या हौसेला हसू नये. त्याच्यापुढे आलेले करारपत्र पेढीवर आणावे आणि सौद्याचा कागद वाचतो तसे सर्वांनी मिळून वाचावे.