मोठ्या आंतड्यांतील मंदाग्नि

मनुष्याच्या मोठ्या आंतड्याचें आंतील अस्तर एखाद्या एकपदरी वस्त्रासारखें आहे, आणि तें वस्त्र दर चार-पांच दिवसांनीं नवें विणलें जातें. जुन्या पेशी गळून पडतात व त्यांच्या जागीं खालच्या खळग्यांतून नव्या पेशी वर सरकतात. हा व्यवहार जन्मापासून मरणापर्यंत अव्याहत चालतो. एवढ्या उलाढालीला शक्ति लागते, आणि ती पुरविणारा अग्नि प्रत्येक पेशीच्या पोटांत असतो. तो वर्षानुवर्षें मंद राहिला तर काय होतें, व त्याचा कर्करोगाशीं संबंध कोणता, हें एका रोगांत शास्त्रज्ञांस टप्प्याटप्प्यानें पाहावयास सांपडलें आहे. त्या रोगाविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या रोगाला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. मोठ्या आंतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त व आंव पडते, आणि कांहीं महिने बरें वाटून पुन्हा तेंच सुरू होतें. आपल्या घरांतून प्रथम मूळव्याधीचा संशय घेतला जातो, मग आंवेचा. पथ्यांत व काढ्यांत एक-दोन वर्षें सहज निघून जातात. जेथें जुनाट दाह तेथें कर्करोग उद्भवतो, असा तर्क जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यानें १८६३ सालींच केला होता. कोलायटिसच्या रोग्यांत तो खरा ठरल्याची नोंद न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यानें आपल्या एका सहकाऱ्यासह १९२५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें २००१ सालीं अनेक देशांतील आंकडे एकत्र केले, तेव्हां असा कर्करोग दहा वर्षांनीं शेंकडा २, वीस वर्षांनीं ८ व तीस वर्षांनीं १८ रोग्यांस होतो असें निघालें. त्यानंतरच्या पाहण्यांतून हें प्रमाण बरेंच कमी आढळलें, हें येथेंच सांगून ठेवणें बरें. वाचकांस भिवविण्याचा आमचा हेतु नाहीं.

दाहानें अपाय होतो तो कसा? रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंवर मारा करण्यासाठीं प्राणवायूचीं अति तीव्र रूपें सोडतात. शत्रु दोन दिवसांत पळाला तर ठीक. पण लढाई वीस वर्षें चालली तर त्या दारूगोळ्यानें आपलेंच गांव जळतें. पेशींतील आनुवंशिक द्रव्याला घाव बसतात, आणि अस्तर भरून काढण्याच्या घाईंत त्या घावांसकट नव्या पेशी जन्म घेतात. एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. अग्नीची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं.

त्या गोष्टीचा नायक ओटो वारबुर्ग. याचा जन्म १८८३ चा, मृत्यु १९७० चा. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाचा हा मुलगा. पहिल्या महायुद्धांत घोडदळांत होता, व त्यानें आघाडीवरून प्रयोगशाळेंत परतावें म्हणून आइन्स्टाइननें त्याला पत्र लिहिलें होतें. बर्लिनच्या डालेम भागांतील कैसर विल्हेल्म संस्थेंत त्यानें उंदरांच्या गांठींचे अतिशय पातळ काप करून, ते किती प्राणवायु घेतात व काय सोडतात, हें कांचेच्या नळ्यांतील दाबावरून मोजलें. निरोगी पेशी प्राणवायु मिळाला कीं शर्करा पूर्ण जाळते. प्राणवायु नसेल तेव्हांच ती शर्करा अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बनविते, जसें धांवतांना आपल्या स्नायूंत बनतें. कर्करोगाच्या पेशी मात्र भरपूर प्राणवायु असतांहि लॅक्टिक आम्लच बनवीत होत्या! हिशेबानें पाहिलें तर हा शुद्ध अपव्यय आहे. शर्करेचा एक कण पूर्ण जाळला म्हणजे एटीपी या शक्तिद्रव्याचे सुमारें तीस कण मिळतात, अर्धवट मोडला तर अवघे दोन. लांकूड अर्धें जाळून कोळसे उकिरड्यावर टाकणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणूं? पण वाढीच्या मागें लागलेल्या पेशीला उष्णतेपेक्षां त्या कोळशांचीच गरज अधिक असते. नव्या भिंती त्यांतूनच बांधावयाच्या असतात. गांठींच्या या खादाडपणावरूनच आज पेट स्कॅनमध्यें कर्करोग शोधतात: किरणोत्सर्गी शर्करा शिरेंतून देतात, आणि गांठ ती आधाशासारखी ओढून घेऊन चित्रांत उजळते.

जातां जातां सांगावयाचें तें हें, कीं त्या एटीपीचा शोध १९२९ सालीं दोन ठिकाणीं लागला. जर्मनींत कार्ल लोमान यास, व हार्वर्ड येथें सायरस फिस्के आणि आंध्रांतील भीमवरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांस. सुब्बारावांचें नांव आपल्या किती पदवीधरांस ठाऊक असेल याची आम्हांस शंकाच आहे.

वारबुर्गचें म्हणणें असें होतें कीं, पेशीच्या श्वसनाला कायमची इजा होणें हेंच कर्करोगाचें मूळ कारण. पेशींत ज्यामुळें प्राणवायु उपयोगांत येतो त्या श्वसन-एन्झाइमच्या शोधाबद्दल त्यास १९३१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हें एन्झाइम पेशींतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत असतें त्यांस मायटोकाँड्रिया म्हणतात. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ तंतु व कण. आपल्याकडील तंतुकणिका हा शब्द त्याचेंच तंतोतंत भाषांतर होय. परंतु पुढें असें दिसून आलें कीं, पुष्कळ कर्करोगांत या भट्ट्या उत्तम चालू असतात. तेव्हां वारबुर्ग चुकला असें मानून जग पुढें गेलें.

आतां मोठ्या आंतड्याकडे परत येऊं. शरीरांतील बहुतेक पेशी रक्तांतून आलेल्या शर्करेवर जगतात. या अस्तराच्या पेशी मात्र आपली सुमारें सत्तर टक्के शक्ति ब्यूटिरेट नांवाच्या आम्लांतून मिळवितात. हें आम्ल रक्तांतून येत नाहीं. आपल्याला न पचलेला धान्य-भाजीपाल्यांतील चोथा आंतड्यांतील जंतु आंबवितात, त्यांतून तें तयार होतें. रोडिगर या शस्त्रवैद्यानें १९८० सालीं हें दाखवून, कोलायटिस हा अस्तराच्या उपासमारीचाच रोग नव्हे ना, असा प्रश्न केला. शस्त्रक्रियेनें ज्यांच्या आंतड्याचा खालचा भाग मलप्रवाहापासून तोडला जातो, त्यांच्या त्या निरुद्योगी भागाला आपोआप सूज येते, असें १९८१ सालीं वर्णिलें गेलें. आणि तींच आम्लें बस्तीवाटे दिल्यानें ती सूज ओसरते, हें १९८९ सालीं सिद्ध झालें. कोलायटिसमध्यें मात्र तोच उपाय बेभरंवशाचा ठरला. अन्न समोर असून भट्टीच बिघडली तर तें जळणार कसें?

आणि भट्टी बिघडते हें प्रत्यक्ष दिसलें आहे. अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१३ सालीं कोलायटिसच्या रोग्यांच्या अस्तराचे तुकडे रंगवून त्यांत वारबुर्गचेंच तें श्वसन-एन्झाइम शोधलें. ज्यांचा रोग कर्करोगाकडे झुकत होता, त्यांच्या अस्तरांत पेशींचें रूप बिघडण्याच्या आधींच कित्येक खळग्यांतून तें एन्झाइम नाहींसें झालेलें होतें. रूप बिघडतांना तें अधिकच कमी झालें. पण प्रत्यक्ष कर्करोग झाल्यावर? तेथें तें पुन्हा परत आलेलें! अग्नि आधीं विझतो, आणि दरोडेखोर घरांत शिरल्यावर चूल पुन्हा पेटते. वारबुर्गनें प्रवेश बरोबर पाहिला, पण नाटकाचा क्रम त्याला कळला नाहीं, असें आमचें मत आहे. पी-५३ नांवाचें एक रक्षक जनुक आहे. कोलायटिसमधून होणाऱ्या कर्करोगांत त्याला फार लवकर इजा होते, आणि तेंच जनुक या एन्झाइमच्या जुळणीला मदत करतें, हें २००६ सालीं दाखविलें गेलें होतें. तेव्हां हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले असणें शक्य आहे. आणखी एक चमत्कार: निरोगी पेशी ज्या ब्यूटिरेटवर पोसतात, तेंच शर्करेमागें लागलेल्या कर्करोगाच्या पेशींत न जळतां सांठतें आणि त्यांची वाढ रोखतें. हें २०१२ सालीं प्रयोगशाळेंत दिसून आलें.

ब्यूटिरेट हें नांव लोण्यावरून पडलें आहे, हें वाचून कोणी तुपाची धार वाढवील म्हणून सांगतों: तुपांतील तें आम्ल वरच्या लहान आंतड्यांतच शोषलें जातें, मोठ्या आंतड्यापर्यंत पोंचत नाहीं. तेथें पोंचतो तो डाळींचा, कोंड्यासकट धान्याचा व भाजीचा चोथा. मात्र रोग उसळलेला असतां चोथा किती द्यावा हें डॉक्टरांनींच ठरवावें. आमच्या आयुर्वेदांतहि अग्निमांद्याला मोठें स्थान आहे, पण तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस तंतुकणिका ठाऊक होत्या असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

या रोगांत धोका असा कीं, येथील कर्करोग बहुधा नेहमींच्या मोडासारखा वर डोकावत नाहीं. सपाट अस्तरांतच पसरतो. रक्त थांबलें, वजन वाढलें, तरी खळग्यांतील बिघाड जागच्या जागीं असूं शकतो. म्हणून पहिल्या लक्षणांपासून सुमारें आठ वर्षें लोटलीं कीं, बरें असतांनाच ठराविक काळानें दुर्बिणीची तपासणी करावी व अस्तराचे तुकडे घेऊन पाहावे, असा वैद्यांचा नियम आहे. ज्यांच्या यकृताच्या पित्तनलिकांसहि दाह आहे, त्यांनीं आठ वर्षेंहि थांबूं नये. तपासणी लगेच सुरू होते व दरवर्षीं करावी लागते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यास हा रोग होऊन चौदा वर्षें झालीं. पांच वर्षें रक्ताचा थेंब नाहीं, म्हणून त्यानें औषध सोडलें आणि तपासणीचें नांव काढीना. त्याच्या मातोश्रींचा आम्हांस प्रश्न, "मास्तर, धडधाकट माणसाच्या पोटांत दुर्बीण कशाला घालायची?" त्यांस आम्हीं वरील सारी हकीकत दोन संध्याकाळीं बसून सांगितली, खळग्यांचें चित्रहि पाटीवर काढून दाखविलें. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं सुनेला तारीख ठरवावयास सांगितलें. गेल्या पंधरवड्यांत तपासणी झाली. वरून कांहीं दिसलें नाहीं; तुकड्यांचा अहवाल अद्याप यावयाचा आहे.