एका स्क्रूचे नाव



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. त्यांतल्याच एका अर्जाची हकीकत सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका जिनात सरकी गोळा करणाऱ्या बाईचा पदर फिरत्या शाफ्टात ओढला गेला. जीव वाचला, हात गेला. जुन्या जिनांत एकच लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी ओळीतली सारी यंत्रे चालत. शाफ्टावर लोखंडी कडे असते. ते सरकू नये म्हणून त्यात स्क्रू आवळतात. त्या स्क्रूचे डोके वर आलेले होते. शाफ्ट वेगात फिरू लागला की असे डोके डोळ्यांना दिसत नाही. कापडाला मात्र बरोबर सापडते.

मी कारखाना-निरीक्षकाकडे अर्ज केला. मजूर त्या वस्तूला खिळा म्हणत. कोशात खिळ्याला 'नेल' सापडले, तेच लिहिले. मालकाचे उत्तर आले, 'आमच्या शाफ्टावर एकही नेल नाही.' अक्षरशः पाहता ते खरेच होते!

मग एका म्हाताऱ्या फिटरला गाठले. नाव त्यालाही येत नव्हते. पण तो म्हणाला, "नाव राहू दे बापू, ते काम काय करते ते सांग." आटे आहेत? आहेत; म्हणजे खिळा नव्हे. पलीकडून नट लागतो? नाही, म्हणजे नट-बोल्ट नव्हे. टोक शाफ्टावर दाबते आणि कडे जागच्या जागी धरते. एवढी ओळख घेऊन अमरावतीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथल्या सुट्या भागांच्या पुस्तकात चित्रावरून नाव निघाले: 'सेट स्क्रू'.

आणि हेच नाव १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २६ व्या कलमात छापलेले होते! फिरत्या शाफ्टावरचा प्रत्येक सेट स्क्रू, बोल्ट किंवा 'की' आत बुडवलेली, झाकलेली अथवा अन्य रीतीने निर्धोक केलेली असावी, असे ते कलम सांगे. ही 'की' कुलपाची नव्हे. चाक आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी, जिला आपले फिटर चावी म्हणतात. हे कलम कायदा लागू झाल्यानंतर बसवलेल्या यंत्रांपुरते होते. जुन्यांसाठी संरक्षक आडोशाचे २१ वे कलम होते.

अर्ज पुन्हा गेला. तपासणी झाली आणि बिनडोक्याचे, कड्यात बुडणारे स्क्रू बसले. इंग्लंडात त्याला 'ग्रब स्क्रू' म्हणतात. ग्रब म्हणजे अळी. अमेरिकेत मात्र बिनडोक्याच्यालाही 'सेट स्क्रू'च म्हणतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. शेजारी चित्र काढावे आणि काम लिहावे.

बाईचा हात काही परत आला नाही. पण त्या शाफ्टाखालून पुढे ज्या बाया वावरल्या, त्यांचे पदर सुखरूप राहिले. तेव्हा मित्रहो, नाव येत नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. ज्याने ती वस्तू रोज हाताळली, त्याला आधी विचारा.