मजकूर-दस्तऐवजांचे स्प्रेडशीटयोग्य माहिती-फाइलमध्ये रूपांतर : पद्धती व दक्षता

प्रस्तावना :
महाविद्यालयातील प्रवेश-याद्या, निकालपत्रके व ग्रंथालयाच्या दाखल-नोंदी बहुधा वर्डसारख्या मजकूर-दस्तऐवजात जतन केलेल्या असतात. वाचण्यास त्या सोयीच्या असल्या, तरी वर्गीकरण व मोजणी यांसाठी माहिती स्तंभांत विभागलेली असावी लागते. हे रूपांतर केवळ फाइलचा प्रकार बदलण्याचे काम नसून माहितीची रचना निश्चित करण्याचे काम आहे.

सीएसव्ही फाइलचे स्वरूप :
स्वल्पविरामाने विलग केलेल्या मूल्यांची साधी मजकूर-फाइल म्हणजे 'सीएसव्ही' होय. तिचे प्रचलित नियम २००५ मध्ये 'आरएफसी ४१८०' या दस्तऐवजात नोंदविण्यात आले. सामान्यतः एका ओळीत एक नोंद असते आणि प्रत्येक ओळीतील स्तंभांची संख्या समान असते. मूल्यातच स्वल्पविराम असल्यास ते मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत घ्यावे लागते. उदाहरणार्थ :

००४१७,"आपटे, हरी नारायण",पण लक्षात कोण घेतो

येथे अवतरणचिन्हे वगळल्यास तीनऐवजी चार स्तंभ निर्माण होतील व ग्रंथनाम भलत्याच स्तंभात जाईल.

रूपांतराची प्रक्रिया :
प्रथम मूळ दस्तऐवजाची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे. तक्त्यातील एकत्र केलेले रकाने वेगळे करावेत व रकान्यांतर्गत ओळी जोडून घ्याव्यात. त्यानंतर तक्त्याचे टॅबने विलग केलेल्या मजकुरात रूपांतर करावे. केवळ मोकळ्या जागेवरून स्तंभ पाडू नयेत. कारण विद्यार्थ्याच्या संपूर्ण नावातही मोकळी जागा असते.

मराठी मजकुराचा प्रश्न :
जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर देवनागरी दिसत असला, तरी फाइलमध्ये तो प्रायः रोमन अक्षरांच्या संकेतांकांनी साठविलेला असतो. सीएसव्ही फाइलमध्ये फॉन्टची नोंद राहत नसल्याने असा मजकूर निरर्थक चिन्हांत दिसतो. म्हणून तो आधी युनिकोडमध्ये परिवर्तित करावा. फाइल जतन करताना आणि स्प्रेडशीटमध्ये आयात करताना, दोन्ही वेळा, 'यूटीएफ-८' हाच पर्याय निवडावा.

अंकांविषयी दक्षता :
एक्सेल संख्येतील केवळ १५ सार्थ अंक राखते. त्यामुळे १६ अंकी नोंदणी क्रमांक संख्या म्हणून वाचला गेल्यास शेवटचा अंक शून्य होतो. केवळ अखेरच्या अंकाने भिन्न असलेल्या दहा विद्यार्थ्यांचे क्रमांक अशा वेळी एकच होऊन बसतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावे नोंदले जाण्याचा धोका संभवतो. दाखल क्रमांकाच्या आरंभीची शून्येही अशीच गळून पडतात. फाइल थेट न उघडता आयात करून असे स्तंभ 'टेक्स्ट' प्रकाराचे ठरविल्यास हे टळते. ही अडचण केवळ कार्यालयीन नाही. एक्सेल काही जनुकांची संक्षिप्त नावे तारखा समजून बदलत असल्याने मानवी जनुकांच्या नामकरण समितीला ती नावेच बदलावी लागली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत याचा उल्लेख आहे.

समारोप :
रूपांतरानंतर नोंदींची एकूण संख्या मूळ दस्तऐवजाशी जुळवावी, क्रमांकांची पुनरुक्ती तपासावी आणि काही नोंदी यादृच्छिकपणे निवडून अक्षरशः ताडून पाहाव्यात. संगणक अशा चुकांची सूचना देईलच असे नाही. म्हणून पडताळणी हा रूपांतराचा अविभाज्य टप्पा मानणे आवश्यक ठरते.