लाखोरीच्या मुळाची हांक

गोंदिया जिल्ह्यांतील प्रतापगडाच्या परिसरांत, किंबहुना त्या साऱ्या धानाच्या मुलखांत, कापणीपूर्वीं पंधरवडाभर उभ्या पिकांतच ओल्या बांधींत लाखोरी फेंकण्याची वहिवाट आहे. तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाहीं, पाणी नाहीं. धान कापलें कीं खुंटांमधून लाखोरी वर येते. पौषांत ती निळ्या फुलांवर असतां एक रोप मातीसकट अलगद काढून मुळें धुवावीं. त्यांवर बारीक गांठी दिसतील. एक नखानें फोडल्यास आंत गुलाबी रंग आढळतो. आपल्या रक्तांतील रंगद्रव्याचेंच तें भावंड. हा रोग नव्हे.

हवेंत सुमारें 78 टक्के नत्रवायु असला तरी वनस्पतीस तो तसाच घेतां येत नाहीं. गांठींतील सूक्ष्म जंतु साखरेच्या मोबदल्यांत तो तिच्या उपयोगीं आणून देतात. पण अंधाऱ्या मातींत जंतूस आपलें मूळ सांपडतें कसें? लसूणघासापुरतें याचें उत्तर 1986 सालीं मिळालें. मूळच मातींत ल्युटिओलिन नांवाचें फेनॉलवर्गीय द्रव्य सोडून हांक मारतें. ती ओळखून जंतु उलट दुसरें द्रव्य सोडतो. त्यासरशीं मुळावरील सूक्ष्म केस वळतो, त्यास कवेंत घेतो आणि गांठ धरूं लागते.

लाखोरीचा सोबती वाटाणा-मसुरीचाच आहे. त्याला जागविणाऱ्या द्रव्यांत हेस्परेटिन हें एक. संत्र्याच्या सालींत तें साखरेशीं जोडलेल्या रूपांत असतें. नागपुरी संत्र्याची साल वाळवून उटण्यांत घालणाऱ्या भगिनींस हा दूरचा आप्तसंबंध ऐकून मौज वाटेल! सोयाबीनची हांक निराळी, तिचा जंतुही निराळा. म्हणून सोयाबीनसाठीं आणलेल्या संवर्धकाची पुडी लाखोरीच्या बियाण्यास चोळणें व्यर्थ.

धानाचा उरलेला युरिया उतेऱ्यावर फेंकण्याचा मोह अनेकांस होतो. मातींत आयतें नत्र मुबलक मिळालें कीं रोप गांठी धरण्याचें टाळतें. पैसा जातो आणि फुकटची चाकरीही बुडते. (लाखोरीच्या डाळीविषयींचा जुना वाद येथें काढीत नाहीं, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मात्र लाखोरीनें जमीन आपोआप सकस होते, हें म्हणणें अर्धेंच खरें. शेंगा भरतांना बरेंचसें नत्र दाण्यांत जातें व गांठी सुकतात. रोप मुळासकट उपटलें तर बांधींत फारसें कांहीं उरत नाहीं; विळ्यानें कापलें तर मुळें तेथेंच कुजतात आणि पुढच्या धानास त्यांचा वाटा मिळतो.